दप्तरांतून निसटलेले पूर्वज

ज्याच्यावर सरकारचा विश्वास नसतो, त्याच्याविषयी सरकार अधिक लिहून ठेवते. ऑस्ट्रेलियातील जुन्या सार्वजनिक दप्तरांतून एखाद्या पूर्वजाचा माग काढू पाहणाऱ्याला ही गोष्ट पहिल्या काही दिवसांतच उमगते. स्वखर्चाने, प्रतिष्ठेने आलेल्या सभ्य गृहस्थाचे जहाजाच्या यादीत केवळ आडनाव सापडते. तेच एखाद्या पाकीटमाराची उंची, डोळ्यांचा रंग, दंडावरचे गोंदण, भावंडांची नावे आणि उद्धट बोलल्याबद्दल बसलेले फटके हे सारे कारकुनाने नीट अक्षरात टिपून ठेवलेले असते. त्यामुळे ज्या पूर्वजाची घराण्याला एके काळी लाज वाटत होती तो सहज गवसतो आणि ज्याचा अभिमान सांगितला जात होता त्याचा थांगपत्ता लागत नाही, असा विचित्र अनुभव तेथे वारंवार येतो.

ब्रिटनमधून कैद्यांना ऑस्ट्रेलियात पाठविण्याची प्रथा १७८८ ते १८६८ अशी ऐंशी वर्षे चालली. या काळात सुमारे १ लाख ६२ हजार स्त्री-पुरुष तेथे पोचविले गेले. न्यू साउथ वेल्सकडे ही वाहतूक १८४० मध्ये थांबली, व्हॅन डिमेन्स लँड म्हणजे आजच्या टास्मानियाकडे १८५३ मध्ये थांबली, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात शेवटचे जहाज जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलला लागले. या कैद्यांची दप्तरे आज जगातील सर्वांत तपशीलवार शासकीय नोंदींपैकी मानली जातात. २००७ मध्ये युनेस्कोने त्यांचा समावेश आपल्या 'जागतिक स्मृती' नोंदपुस्तकात केला.

मेरी वेड या मुलीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. लंडनमध्ये आठ वर्षांच्या एका मुलीचे कपडे हिसकावून घेतल्याच्या आरोपावरून मेरी आणि तिची एक मैत्रीण यांच्यावर जानेवारी १७८९ मध्ये ओल्ड बेलीच्या न्यायालयात खटला चालला. दोघींना फाशीची शिक्षा झाली आणि काही आठवड्यांनी ती बदलून त्यांना हद्दपारीची शिक्षा देण्यात आली. केवळ स्त्री-कैद्यांना घेऊन निघालेल्या 'लेडी जुलियाना' जहाजाने मेरी जून १७९० मध्ये सिडनीला पोचली. त्या वेळी तिचे वय अकरा होते की तेरा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वयाच्या बाबतीत जुनी कागदपत्रे क्वचितच एकमेकांशी जुळतात. मेरी पुढे नॉरफोक बेटावर गेली, परत आली, जोनाथन ब्रूकर या इसमाबरोबर तिने संसार केला, १८१७ मध्ये त्याच्याशी रीतसर विवाह केला आणि १८५९ मध्ये वुलनगाँग परिसरात तिचे निधन झाले. तिला एकवीस अपत्ये झाली असे सांगितले जाते. तिच्या वंशजांची संख्या आज हजारोंच्या घरात आहे आणि ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केविन रड हे त्यांच्यापैकी एक आहेत. पंतप्रधानपदी असताना २००८ मध्ये रड यांना त्यांची वंशावळ ग्रंथरूपाने भेट देण्यात आली आणि त्यांनी ती उघडपणे, काहीशा कौतुकानेच स्वीकारली. दोन पिढ्यांपूर्वी एखाद्या राजकारण्याच्या बाबतीत हे घडणे कठीण होते. 'कैद्याचा डाग' हा शब्दप्रयोग त्या देशात रूढ होता आणि तो पुसण्यासाठी घरोघरी नावे बदलली गेली, जन्मस्थाने फिरविली गेली, मुलांना खोट्या कथा सांगितल्या गेल्या. आजच्या शोधकर्त्याची निम्मी अडचण दप्तराने निर्माण केलेली नसते. ती त्याच्याच आजी-पणजीने निर्माण केलेली असते.

कैद्याची कागदी सावली

एखादा पूर्वज कैदी म्हणून आला होता हे एकदा निश्चित झाले, की पुढची वाट तुलनेने सरळ असते. जहाजाबरोबर आलेल्या यादीत त्याचे नाव, वय, मूळ गाव, व्यवसाय, गुन्हा, खटल्याचे ठिकाण आणि शिक्षेची मुदत मिळते. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या याद्या अधिकच तपशीलवार झाल्या. साक्षरता, धर्म, विवाह, मुलांची संख्या, पूर्वीच्या शिक्षा, चेहऱ्याची ठेवण, व्रण, गोंदण असे रकाने त्यांत भरलेले आढळतात. गोंदणाचा रकाना संशोधकांना विशेष प्रिय आहे, कारण त्यात अनेकदा मागे राहिलेल्या पत्नीची, आईची किंवा भावाची आद्याक्षरे सापडतात. पळून गेलेल्या कैद्याला ओळखता यावे म्हणून सरकारने जे लिहून ठेवले, तेच दोनशे वर्षांनंतर त्याच्या नातवंडांना त्याचे चित्र म्हणून उपयोगी पडते.

वसाहतीत पोचल्यानंतरही कागद थांबत नाहीत. कैद्याला कोणत्या जमीनदाराकडे कामाला दिले, ठरलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःची रोजी कमावण्याचा परवाना (टिकिट ऑफ लीव्ह) कधी मिळाला, विवाहासाठी परवानगी मागितली का, ती नाकारली का, सशर्त माफी केव्हा झाली, मुदत संपल्याचे प्रमाणपत्र कधी मिळाले, या प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र नोंदवही आहे. टास्मानियाची वर्तन-पत्रके तर अद्वितीयच म्हणावी लागतील. एका कैद्याचा वसाहतीतील सारा इतिहास, अपराध आणि दंडासह, एकाच पानावर दाटीवाटीने लिहिलेला असतो. लेखनिकांनी वापरलेली संक्षेपचिन्हे समजून घ्यायला थोडा वेळ लागतो. मात्र एकदा ती कळली की मद्यपान, कामचुकारपणा, मालकाशी उर्मटपणा अशा क्षुल्लक कारणांसाठी माणसाला किती वेळा अंधारकोठडी किंवा फटके सोसावे लागले, हे पान वाचताना अंगावर काटा येतो.

नावांचा घोळ मात्र येथूनच सुरू होतो. अनेक कैदी निरक्षर होते. आयरिश माणसाने आपल्या उच्चारात नाव सांगायचे आणि इंग्रज कारकुनाने ते कानाला जसे ऐकू आले तसे लिहायचे, असा प्रकार होता. आडनावापुढचे 'ओ' किंवा 'मॅक' कधी गळते, कधी पुन्हा उगवते. एकाच माणसाचे नाव त्याच्या विवाहनोंदीत, मुलांच्या जन्मनोंदीत आणि मृत्युनोंदीत तीन निरनिराळ्या वर्णलेखनांनी आढळणे ही नित्याची बाब आहे. नवख्या शोधकर्त्याला एकच वर्णलेखन 'खरे' मानण्याची सवय असते. जो माणूस सहीच्या जागी फुली काढत होता, त्याच्या दृष्टीने त्याच्या नावाचे कोणतेच वर्णलेखन खरे वा खोटे नव्हते.

स्वतंत्र प्रवासी आणि सोन्याचा ज्वर

कैद्यांखेरीज जे लोक आले त्यांचे दोन वर्ग पडतात. सरकारी खर्चाने किंवा अनुदानाने आलेल्या श्रमिक कुटुंबांची माहिती बऱ्यापैकी मिळते, कारण पैसे देणाऱ्या सरकारला ते कोण, कुठले, कोणत्या धर्माचे, लिहिता-वाचता येते की नाही, हे जाणून घ्यायचे होते. स्वतःचे भाडे भरून आलेल्यांची चौकशी करण्याचे कोणालाच कारण नव्हते. जहाजाच्या खालच्या वर्गातील अशा उतारूंची नोंद कित्येकदा केवळ आडनाव आणि अंदाजे वय एवढ्यावर आटोपते. स्मिथ, जोन्स किंवा मर्फी अशा आडनावांच्या बाबतीत तिचा उपयोग शून्यवत असतो.

१८५१ मध्ये न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात सोने सापडल्याचे जाहीर झाले आणि मग तर सारे हिशेबच कोलमडले. मेलबर्नच्या बंदरात उभ्या जहाजांवरून खलाशी रातोरात पळून खाणींकडे गेले. कप्तानावाचून आणि खलाशांवाचून जहाजे तशीच नांगरलेली राहिली. पळालेला खलाशी अर्थातच नाव बदलून राहत असे. अशा पूर्वजाचे 'आगमन' कोणत्याही प्रवासी यादीत सापडणार नाही. तो जहाजाच्या कर्मचारी यादीत किंवा पोलिसांनी पळपुट्यांसाठी छापलेल्या वर्णनात, आणि तेही त्याच्या खऱ्या नावाने शोधावा लागतो. ते नाव तर घरात कोणालाच ठाऊक नसते.

नव्या देशात नवे नाव धारण करणे किती सोपे होते, याचा पुरावा म्हणजे एकोणिसाव्या शतकात गाजलेले टिचबोर्न प्रकरण. रॉजर टिचबोर्न हा इंग्लंडमधील श्रीमंत घराण्याचा वारस १८५४ मध्ये समुद्रात बेपत्ता झाला. त्याच्या आईला तो जिवंत असल्याची आशा होती आणि तिने ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रांतही जाहिराती दिल्या. वागा वागा गावात टॉमस कॅस्ट्रो या नावाने राहणारा एक खाटीक पुढे आला आणि आपणच रॉजर असल्याचे त्याने सांगितले. वर्षानुवर्षे चाललेल्या खटल्यांनंतर १८७४ मध्ये न्यायालयाने त्याला खोटी साक्ष दिल्याबद्दल चौदा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि तो लंडनच्या वॉपिंग भागातील आर्थर ऑर्टन असल्याचा निष्कर्ष काढला. एका माणसाची ओळख ठरविण्यासाठी दोन खंडांतील शेकडो साक्षीदार लागले. सामान्य वंशजाच्या हाती तर फक्त एक फाटके प्रमाणपत्र असते.

जन्म, विवाह, मृत्यू

नागरी नोंदणी ही या शोधाची मुख्य आधारशिला होय. परंतु ऑस्ट्रेलिया हा १९०१ पर्यंत एक देश नव्हता. प्रत्येक वसाहतीने आपापल्या सोयीने नोंदणी सुरू केली. टास्मानियात ती १८३८ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियात १८४१ मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियात १८४२ मध्ये, व्हिक्टोरियात १८५३ मध्ये आणि न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या काळासाठी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नोंदवह्यांवर विसंबावे लागते. शिवाय वसाहतींच्या सीमाही स्थिर नव्हत्या. व्हिक्टोरिया १८५१ मध्ये आणि क्वीन्सलंड १८५९ मध्ये न्यू साउथ वेल्सपासून वेगळे झाले. माणूस जागचा हलला नाही, पण त्याचे दप्तर हलले, असे म्हणण्याजोगी ही परिस्थिती होती.

या सर्वांत व्हिक्टोरियाची पद्धत सर्वोत्तम मानली जाते. विल्यम हेन्री आर्चर या संख्याशास्त्रज्ञाने आखलेल्या त्या नमुन्यात मृत व्यक्तीच्या आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे नाव, वडिलांचा व्यवसाय, जन्मस्थान, वसाहतींत किती वर्षे वास्तव्य झाले, विवाह कोठे, कितव्या वर्षी, कोणाशी झाला आणि हयात व मृत अपत्यांची नावे व वये असे रकाने होते. न्यू साउथ वेल्सने पुढे बव्हंशी हाच नमुना स्वीकारला. त्याउलट दक्षिण ऑस्ट्रेलिया व टास्मानियाची जुनी मृत्युपत्रके फार त्रोटक आहेत. त्यांत मृताच्या आईवडिलांचा उल्लेखच नसतो. म्हणून अनुभवी शोधकर्ते एक युक्ती करतात. पूर्वज स्वतः सापडत नसेल तर त्याचा जो भाऊ किंवा बहीण व्हिक्टोरियात मरण पावली असेल तिचे प्रमाणपत्र मागवायचे. हवी असलेली आईवडिलांची नावे तेथे मिळतात. सर्व अपत्यांची जन्मपत्रके एकत्र ठेवून पाहण्याचाही मोठा उपयोग होतो, कारण बाप एका मुलाच्या वेळी आपले जन्मस्थान 'आयर्लंड' एवढेच सांगतो आणि दुसऱ्याच्या वेळी, नोंदणी-कारकुनाने खोदून विचारल्यामुळे म्हणा, गावाचे नाव सांगून बसतो.

आयरिश वंशाच्या कुटुंबांसाठी या एका शब्दाचे मोल फार आहे. डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील आयर्लंडचे अभिलेखागार जून १९२२ मध्ये यादवी युद्धात भस्मसात झाले. अनेक शतकांची कागदपत्रे त्यात गेली. त्यामुळे टिपेररी किंवा क्लेअर परगण्यातील एखाद्या शेतमजुराचे गाव कोणते, याचा एकमेव लेखी पुरावा हजारो मैलांवरच्या बॅलरॅट किंवा बेंडिगोच्या मृत्युनोंदीत शिल्लक असणे अशक्य नाही.

तथापि प्रमाणपत्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. मृत्युपत्रकातील माहिती देणारा कोणीतरी दुसराच असतो, कारण ज्याला ती खात्रीने ठाऊक होती तो मरण पावलेला असतो. जावई, शेजारी, रुग्णालयाचा कारकून, घरमालकीण यांपैकी जो हजर असेल त्याने आठवेल ते सांगायचे. म्हणून माहिती देणाऱ्याचा रकाना आधी वाचावा, असा जाणत्यांचा सल्ला असतो. विवाहाच्या नोंदीत 'विधुर' असे लिहिलेल्या माणसाची पहिली पत्नी इंग्लंडमध्ये धडधाकट जिवंत असल्याचेही अनेकदा उघडकीस येते. घटस्फोट सामान्यांच्या आवाक्याबाहेर होता, समुद्र विस्तीर्ण होता आणि चौकशी करणारे कोणी नव्हते.

आणि नोंदणी सक्तीची असली तरी ती सर्वांनी केली असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातील सर्वाधिक ख्यातनाम बंडखोर दरोडेखोर नेड केली याची जन्मनोंद सापडत नाही. त्याचे वडील जॉन केली हे डुकरे चोरल्याबद्दल आयर्लंडमधून हद्दपार झालेले कैदी होते. त्यांचे आगमन, वर्णन, शिक्षा सारे काही टास्मानियाच्या दप्तरात आहे. १८५० मध्ये मेलबर्नला झालेल्या त्यांच्या विवाहाची नोंद चर्चमध्ये आहे. नेडला ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात फाशी दिले गेले, त्याचा तर क्षणाक्षणाचा वृत्तान्त उपलब्ध आहे. मात्र तो जन्मला डिसेंबर १८५४ मध्ये की १८५५ च्या मध्यास, हे आजही निश्चित सांगता येत नाही.

बातमीच्या कोपऱ्यात

प्रमाणपत्रांची वाट खुंटली की वृत्तपत्रांकडे वळावे लागते. ऑस्ट्रेलियातील पहिले वृत्तपत्र 'सिडनी गॅझेट' मार्च १८०३ मध्ये निघाले. पुढे प्रत्येक लहानमोठ्या गावातून पत्रे निघू लागली. एखाद्याची गाय कोंडवाड्यात गेली, कोणी दारूच्या नशेत पडून पाय मोडला, कोणाच्या पत्नीने निर्वाहखर्चासाठी दावा लावला, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांत छापल्या जात. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ पासून ही जुनी वृत्तपत्रे इंटरनेटवर उपलब्ध केली आणि २००९ मध्ये 'ट्रोव्ह' ही सेवा सुरू झाली. यंत्राने वाचलेल्या मजकुरातील चुका सामान्य वाचकांनी दुरुस्त करायच्या, ही तिची अभिनव पद्धत. हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या कोट्यवधी ओळी सुधारल्या आहेत. पूर्वी एका नावासाठी महिनोन्महिने सूक्ष्मपटाच्या यंत्रासमोर डोळे शिणवावे लागत, ते काम आता काही मिनिटांत होते. अर्थात नाव साधे असेल तर हजारो निष्पत्ती समोर येतात आणि मग खरे काम सुरू होते.

पोलिसांची राजपत्रे हेही असेच एक घबाड आहे. न्यू साउथ वेल्समध्ये ती १८६२ पासून छापली गेली. फरारी गुन्हेगारांबरोबरच पत्नीला सोडून गेलेले पती, जहाजावरून पळालेले खलाशी, तुरुंगातून सुटलेले कैदी आणि नातेवाइकांनी शोधासाठी कळविलेली बेपत्ता माणसे यांची वर्णने त्यांत येतात. जो पूर्वज 'खाणीवर गेला तो परतलाच नाही' अशी घरात दंतकथा असते, तो कित्येकदा येथे, शेजारच्या वसाहतीत दुसऱ्या स्त्रीबरोबर राहत असल्याच्या संशयासह भेटतो. पहिल्या महायुद्धातील सैनिकांची सेवापुस्तके त्या मानाने सुखद असतात. राष्ट्रीय अभिलेखागाराने साडेतीन लाखांहून अधिक सैनिकांच्या धारिका इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत आणि त्यांत आप्ताचे नाव-पत्ता असल्याने तुटलेले धागे जुळतात. वय मात्र तेथेही खोटेच असण्याचा संभव आहे, कारण कोवळी मुले वय वाढवून आणि चाळिशी उलटलेले पुरुष ते कमी करून भरती होत.

कराचीचे उंट, कोकणचे खलाशी

या दप्तरांत हिंदुस्थानी माणसेही आहेत. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग पार करण्यासाठी १८६० मध्ये निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी दोन डझन उंट कराचीहून मेलबर्नला नेण्यात आले आणि त्यांच्याबरोबर उंटवालेही गेले. सिंध प्रांत त्या वेळी मुंबई इलाख्याचा भाग होता. पुढील अर्धशतकात पेशावर, बलुचिस्तान, सिंध, पंजाब येथून आलेल्या उंटवाल्यांना ऑस्ट्रेलियन लोकांनी सरसकट 'अफगाण' ठरविले आणि कागदोपत्रीही तीच नोंद झाली. खेडोपाडी गाठोडे घेऊन फिरणाऱ्या शीख व मुसलमान फेरीवाल्यांची नावे तर कारकुनांनी मनाला येतील तशी लिहिली. सिंग हे जणू सर्वांचे एकच आडनाव झाले. काहींना 'चार्ली' किंवा 'जिमी' करून टाकण्यात आले.

१९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यानंतर गोऱ्या नसलेल्या रहिवाशाला मायदेशी जाऊन परत यायचे असेल, तर श्रुतलेखन परीक्षेतून सूट देणारे प्रमाणपत्र आधी काढावे लागे. ही परीक्षा युरोपीय भाषेत, आणि नापास करण्याच्याच हेतूने, घेतली जाई. सूट-प्रमाणपत्रावर समोरून व बाजूने काढलेले छायाचित्र, जन्मस्थान, वय, उंची, खुणा आणि मागील बाजूस हाताचा ठसा असे. श्रुतलेखनाची ही अट १९५८ मध्ये रद्द झाली. हजारो प्रमाणपत्रे आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गुन्हेगाराप्रमाणे काढलेली ती छायाचित्रे पाहताना वंशजांच्या मनात संताप आणि आनंद एकाच वेळी दाटतो, कारण बहुतेकांच्या बाबतीत आजोबांचा तोच एकमेव फोटो असतो.

मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर कोकणातील मुसलमान खलाशी आणि गोमंतकीय ख्रिस्ती वाढपी मोठ्या संख्येने काम करीत. सिडनीला लागलेल्या जहाजांच्या १८४५ ते १९२२ या काळातील कर्मचारी याद्या स्वयंसेवकांनी उतरवून काढल्या आहेत. रत्नागिरी किंवा साष्टीच्या एखाद्या घराण्यातील 'बोटीवर गेलेला' पूर्वज त्यांत सापडण्याची शक्यता आहे. मात्र काही याद्यांत युरोपीय अधिकाऱ्यांची नावे संपली की 'लस्कर' या शब्दापुढे केवळ आकडा असतो. उलट दिशेचा शोधही चालतो. पुणे, खडकी, अहमदनगर येथील छावण्यांत जन्मलेल्या किंवा लष्करी न्यायालयाने शिक्षा देऊन येथून ऑस्ट्रेलियाला पाठविलेल्या ब्रिटिश सैनिकांचे वंशज मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नोंदी चाळतात. त्यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

ज्यांची नोंद पाळतीसाठी झाली

मूलनिवासी कुटुंबांच्या बाबतीत या शोधाला छंद म्हणणे अनुचित ठरेल. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांत एकोणिसाव्या शतकातील मूलनिवासी फारच थोडे आहेत आणि जे आहेत त्यांचे अनेकदा एकच इंग्रजी नाव, तेही मालकाने ठेवलेले. परंतु विसाव्या शतकात 'संरक्षण' खात्यांनी त्यांच्यावर पाळत ठेवली आणि त्यांच्या धारिका तयार झाल्या. विवाहाला परवानगी, गाव सोडायला परवानगी, वेतनातून पैसे काढायला परवानगी, सारे काही त्यांत आहे. मिश्र वंशाची मुले आईपासून हिरावून संस्थांत ठेवण्याचे आदेशही त्यांतच आहेत. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' या अहवालाच्या अंदाजानुसार १९१० ते १९७० या काळात दर तिनांपैकी एक ते दर दहांपैकी एक मूलनिवासी मूल अशा रीतीने कुटुंबापासून तोडले गेले.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील लेखिका डोरिस पिल्किंग्टन गारिमारा यांचे चरित्र या दृष्टीने बोलके आहे. त्यांची आई मॉली क्रेग हिला १९३१ मध्ये मूर रिव्हर येथील वसाहतीत नेऊन ठेवले असता ती दोन लहान मुलींना घेऊन पळाली आणि सशांना अडविण्यासाठी बांधलेल्या कुंपणाच्या कडेने सुमारे १,६०० किलोमीटर चालत जिगालाँगला परतली. डोरिस यांचा जन्म एका पशुपालन केंद्रावर झाला. आईने ठेवलेले नाव नुगी होते. मालकिणीला ते पसंत न पडल्याने त्यांची डोरिस झाली. जन्माची नोंद नव्हती, म्हणून खात्याने १ जुलै १९३७ ही तारीख त्यांना नेमून दिली. पुढे त्यांनाही लहानपणीच आईपासून दूर व्हावे लागले आणि मायलेकींची भेट व्हायला दोन दशके लागली. आईची कथा लिहिताना डोरिस यांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींबरोबरच सरकारी पत्रव्यवहाराचाही आधार घेतला. ज्या खात्याने मुलींना उचलून नेले, त्याच खात्याच्या तारा आणि पत्रे त्यांच्या पलायनाचा पुरावा म्हणून उभी राहिली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकावर २००२ मध्ये 'रॅबिट-प्रूफ फेन्स' हा चित्रपट निघाला.

१९८० मध्ये स्थापन झालेली 'लिंक-अप' ही संस्था आणि कॅनबेरा येथील मूलनिवासी अध्ययन संस्था अशा शोधांत साहाय्य करतात. मानवशास्त्रज्ञ नॉर्मन टिंडेल याने १९३० च्या दशकात वसाहती-वसाहतींत फिरून टिपलेल्या वंशावळी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. वंशशास्त्राच्या ज्या कल्पनांतून त्याने त्या गोळा केल्या, त्या आज कोणी मान्य करणार नाही. पण १९९३ च्या मूलनिवासी भूस्वामित्व कायद्याखाली आपल्या भूमीवर हक्क सांगताना पूर्वजांशी सलग नाते सिद्ध करावे लागते आणि तेव्हा हेच कागद न्यायालयात सादर होतात. येथे एका आजीच्या नावाच्या वर्णलेखनावर जमिनीचा हक्क अवलंबून असू शकतो.

अलीकडे जनुकीय चाचणीने या शोधाला नवे साधन दिले आहे. ॲडलेडजवळच्या सॉमर्टन किनाऱ्यावर १ डिसेंबर १९४८ रोजी सापडलेल्या अनोळखी मृतदेहाचे गूढ पाऊणशे वर्षे उलगडले नव्हते. प्रेताच्या चेहऱ्याच्या साच्यात अडकलेल्या केसांतील डीएनएवरून प्राध्यापक डेरेक ॲबट आणि कोलीन फिट्झपॅट्रिक यांनी दूरच्या नातेवाइकांचा विस्तीर्ण वंशवृक्ष उभा केला आणि २०२२ मध्ये हा माणूस मेलबर्नचा कार्ल वेब असल्याचे जाहीर केले. ज्याच्या मृत्यूची नोंद कोठेच नाही असा एक मुलगा त्या वृक्षावर उरला होता. त्याच्या पत्नीने तो निघून गेल्यामुळे दाखल केलेल्या घटस्फोटाच्या अर्जाचे कागद व्हिक्टोरियाच्या अभिलेखागारात पडून होते.

एका बाबतीत मात्र ऑस्ट्रेलियन शोधकर्ता ब्रिटन-अमेरिकेतील आपल्या बांधवांचा कायम हेवा करतो. ती बाब म्हणजे जनगणना. नोव्हेंबर १८२८ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये झालेली शिरगणती जवळपास संपूर्ण उपलब्ध आहे. ३६ हजारांहून अधिक लोकांची नावे, वय, जहाज, आगमनाचे वर्ष, धर्म, मालक, जमीन आणि जनावरे तिच्यात आहेत. त्यानंतरचे नाववार अर्ज मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. १८८१ च्या जनगणनेचे कागद सिडनीच्या गार्डन पॅलेसमध्ये ठेवले होते आणि २२ सप्टेंबर १८८२ रोजी ती भव्य लाकडी वास्तू जळून खाक झाली. कैद्यांच्या श्रीमंत वंशजांनीच आग लावली, अशी वदंता तेव्हापासून आहे. तिला पुरावा नाही. विसाव्या शतकातील अर्ज तर आगीची वाट न पाहता, आकडेमोड झाल्यावर गोपनीयतेच्या धोरणानुसार सरकारनेच नष्ट केले. वंशावळकारांच्या दीर्घ आग्रहानंतर २००१ च्या जनगणनेत प्रथमच, ज्यांची संमती असेल त्यांचे नाव व उत्तरे ९९ वर्षे बंद ठेवून जतन करण्याची सोय झाली आणि निम्म्याहून अधिक लोकांनी होकार दिला. ते अर्ज इ. स. २१०० मध्ये उघडले जातील.